तुरटीची नळी पुन्हा पुन्हा चोक होते? आधी गाठ कुठे बसली ते शोधा

बारीक नळीतून वाहणाऱ्या तुरटीच्या द्रावणाला अल्ट्रासाऊंड, म्हणजे फार उच्च कंपनांचा ध्वनी, देऊन त्यातून बारीक स्फटिक काढायचा प्रयोग आम्ही करतो. त्यात गाठ बसून नळी चोक होण्याची तक्रार आमच्या प्रयोगशाळेत एका वर्षात तीनदा आली. ऑगस्टात, डिसेंबरात आणि एप्रिलात. तिन्ही वेळा चित्र सारखंच होतं. पंप चालू, अल्ट्रासोनिक बाथची (पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या भांड्याची) घरघर चालू, आणि अर्ध्या तासाच्या आत नळीच्या तोंडाशी पडणारा थेंब थांबलेला. तिन्ही वेळा आम्ही आधी अल्ट्रासाऊंडलाच दोष दिला, वॅट वाढवायच्या गोष्टी केल्या, नवा बाथ मागवायचा अर्जही एकदा लिहून ठेवला. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि एकदाही ध्वनी कमी पडलेला नव्हता. आमची मांडणी पाहून ज्यांनी आपल्या कॉलेजात तशीच उभी केली, त्यांचेही आता हेच फोन येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आमचं कॉलेज अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. मांडणी महागडी नाही. १०० मिलिलिटर पाण्याला २४ ग्रॅम पोटॅश तुरटी, म्हणजे साधारण ४० अंश सेल्सिअसला संपृक्त होणारं द्रावण; त्याहून थंड झालं की एवढी तुरटी त्यात मावत नाही. ते ५० अंशांवर ठेवलेल्या पात्रातून पेरिस्टाल्टिक पंपाने (मऊ नळी दाबत दाबत द्रव पुढे सारणाऱ्या पंपाने) मिनिटाला १ मिलिलिटर या वेगाने ओढायचं. पुढे आतून १ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची नळी. तिचा ४० सेंटिमीटरचा तुकडा अल्ट्रासोनिक बाथमध्ये बुडवलेला. बाथ म्हणजे सराफ दागिने धुवायला वापरतात तोच, दोन लिटरचा, ४० किलोहर्ट्झचा, ६० वॅटचा. बाथनंतर तीन मीटर नळीची गुंडाळी साध्या पाण्याच्या बादलीत, आणि शेवटी गाळणकागद. काटेकोर बोलायचं तर १ मिलिमीटरची नळी ही सूक्ष्म नळीच्या व्याख्येच्या काठावर बसते. पण आत जे घडतं ते कळायला आणि ताब्यात ठेवायला ती पुरेशी बारीक आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने याहून बारीक नळीच्या मागे लागू नये असं मी आग्रहाने सांगेन, कारण पुढे येईल.

ध्वनीचं काम काय, तेही आधी सांगतो. तुरटीचं द्रावण थंड केलं की ते लगेच स्फटिक टाकत नाही. संपृक्ततेच्या खाली बरेच अंश ते तसंच स्वच्छ राहतं आणि मग कुठल्याशा ओरखड्यावर, धुळीच्या कणावर एकदम सुटतं. हे 'कधी' आणि 'कुठे' आपल्या हातात नसणं हीच स्फटिकीभवनातली जुनी अडचण. ध्वनीच्या लाटेने द्रवात बारीक फुगे तयार होतात, वाढतात, फुटतात (यालाच कॅव्हिटेशन म्हणतात), आणि त्या जागी स्फटिकाचं बीज धरायला फार कमी थंडावा पुरतो. रिचर्ड्स आणि लूमिस या दोघांनी ध्वनीच्या अशा रासायनिक परिणामांची नोंद १९२७ मध्येच केली होती. आपल्याकडे मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित यांनी कॅव्हिटेशनवर आणि पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अमोल कुलकर्णी यांनी सूक्ष्म नळ्यांतल्या अभिक्रियांवर मोठं काम केलं आहे. हे शास्त्र आपल्यापासून लांब नाही, एवढं आमच्या पोट्ट्यांना कळावं म्हणून मी ही नावं दर वर्षी फळ्यावर लिहितो.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की बी जिथे ध्वनी आहे तिथेच धरलं पाहिजे. बाथच्या आधी धरलं तरी नळी चोक, बाथच्या नंतर धरलं तरी चोक. म्हणून पहिला प्रश्न 'किती वॅट' हा नाही. गाठ कुठे बसली, हा आहे.

गाठ शोधायची पद्धत

आधी पंप बंद करा. हे विसरू नका. चोक झालेल्या नळीत पंप दाब चढवत राहतो आणि जोड निसटला की गरम द्रावण थेट तोंडावर उडतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. मग ६५-७० अंशांचं पाणी एका भांड्यात घ्या आणि नळीच्या शेवटाकडून सुरुवात करून वीतवीतभर तुकडा त्यात बुडवत मागे या. शेवटाकडून यासाठी की सुटलेल्या कणांना पुढची वाट मोकळी मिळावी. प्रत्येक तुकड्यापाशी अर्धा मिनिट थांबा, पंप अगदी हळू फिरवून पाहा. ज्या तुकड्यावर थेंब पुन्हा पडू लागतो, तिथे गाठ होती. वहीत लिहा: बाथच्या आधी, बाथमध्ये, की बाथच्या नंतर. सोबत वेळ लिहा, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी. आणि खोलीचं तापमान. या तीन नोंदींवर आमची तिन्ही कोडी सुटली.

तार घालून नळी मोकळी करायचा मोह होतो. करू नका. तारेने आतून ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी स्फटिक नेमका त्या ओरखड्यावर धरतो. आमची एक चांगली नळी अशीच वाया गेली.

गरम पाण्यानेही गाठ सुटत नाही तेव्हा

ऑगस्टातली गोष्ट. नळी शेवटपासून सुरुवातीपर्यंत गरम पाण्यात बुडवली, थेंब पडेना. तुकडा कापून पाहिला तर आत स्फटिक नव्हतेच. पांढरा, बुळबुळीत, साबुदाण्याच्या पेजेसारखा गाळ होता. तुरटी ५० अंशांच्या वर सहज विरघळते. त्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात ती ३६-३७ ग्रॅम मावते आणि २० अंशांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग ७० अंशांच्या पाण्यात जे विरघळत नाही ते तुरटी नाहीच.

ते काय होतं हे आमच्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात आणि थोड्या वेळाने पांढरट गाळ तळाशी बसतो. पाण्यात बायकार्बोनेट असलं की तुरटीतलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या रूपात बाहेर पडतं, त्याचे चिकट पुंजके होतात आणि ते मातीला धरून खाली जातात. हंड्यात हे वरदान आहे. एक मिलिमीटरच्या नळीत ते कोंबलेलं बूच आहे.

आमच्याकडे झालं असं की ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचा हीटर क्षाराचा थर बसून जळाला होता आणि आम्ही आठवडाभर नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून गाळून वापरत होतो. खारपाणपट्ट्यातलं पाणी गाळून गोडं होत नाही. ते दिसायला काचेसारखं असतं, पण क्षार तसेच राहतात.

तुमच्या पाण्याची परीक्षा घरबसल्या होते. परीक्षानळीत पाणी घ्या, चिमूटभर तुरटी टाका, कोमट करा, अर्धा तास ठेवा आणि काळ्या कागदासमोर धरून पाहा. धूसर दिसलं तर ते पाणी या प्रयोगाला चालणार नाही. ऊर्ध्वपातित पाणी नसेल तर पावसाळ्यात सोपा उपाय आहे. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, पत्रा धुऊन निघू द्या, मग पावसाचं पाणी स्वच्छ भांड्यात धरा आणि गाळून घ्या. आम्ही सप्टेंबरचं सगळं काम त्या पाण्यावर केलं आणि गाळाची गाठ एकदाही बसली नाही. द्रावण मात्र उकळू नका. फार तापवलेल्या, फार वेळ गरम ठेवलेल्या तुरटीच्या द्रावणातही अशीच धूसरता येते. ६० अंशांच्या वर आम्ही जातच नाही. आणि किराणा दुकानातला तुरटीचा खडा असेल तर द्रावण गरम असतानाच गाळा, त्यात माती असते.

गाळ आधीच बसला असेल तर सौम्य आम्ल, लिंबूसत्वाचं कोमट द्रावण, नळीत भरून तासभर ठेवलं की तो सुटतो. नंतर भरपूर स्वच्छ पाणी सोडा.

बाथमध्येही खारं पाणी भरू नका. तळाला क्षाराची पुटं चढतात, आणि क्लोराइड असलेल्या पाण्यात कॅव्हिटेशनच्या माऱ्याखाली स्टीलला बारीक खड्डे पडतात.

सकाळी चोक, दुपारी मोकळी

डिसेंबरातली तक्रार वहीमुळे एका दिवसात सुटली. सकाळी साडेआठला सुरू केलं की दहा मिनिटांत चोक, दुपारी दोनला सुरू केलं की तासभर सुरळीत. गाठ दर वेळी बाथच्या आधी, पंपानंतरच्या जोडापाशी. गरम पाणी लावलं की लगेच सुटायची, म्हणजे खरी तुरटीच.

कारण उघड आहे, पण नळी किती झपाट्याने थंड होते याचा अंदाज नसल्यामुळे आम्ही ते धरलं नव्हतं. १ मिलिमीटरच्या नळीत मिनिटाला १ मिलिलिटर द्रव म्हणजे सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर वेग. वीतभर उघडी नळी ओलांडायला त्याला दहा सेकंद लागतात. इतक्या थोड्या द्रवात उष्णतेचा साठा तो किती! सकाळी प्रयोगशाळेत १४ अंश होते, आणि वीतभर उघड्या नळीत द्रावण ५० वरून ३८-३९ वर येत होतं. म्हणजे बाथ गाठण्याआधीच संपृक्ततेच्या खाली. त्यात पंपाच्या डोक्यातली मऊ नळी वेगळीच, ती कधीच गरम नसते.

नळीला कापसाची वात गुंडाळून वर टेप लावली, थोडा फरक पडला. खरा उपाय प्रयोगशाळेतल्या परिचर भाऊंनी सुचवला. कोंबडीच्या पिलांना थंडीत बल्बची ऊब देतात, तशी पंपाला द्या म्हणाले. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा कापून पंप आणि जोड त्यात बसवले, आत ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, कशालाही न टेकेल असा. डब्याच्या आत ४५ ते ४८ अंश राहतात. एलईडी बल्ब चालणार नाही, त्याची ऊब पुरत नाही. डबा बाथला चिकटवून ठेवला, म्हणजे उघडी नळी चार बोटांपेक्षा जास्त राहत नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट सापडली. आमच्या मागच्या रस्त्याला जिनिंग आहे आणि कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडत असतात. उघड्या बीकरमध्ये ते पडतात, आणि नळीच्या जोडात अडकलेल्या एका तंतूवर स्फटिकांची माळच धरलेली भिंगातून दिसली. तेव्हापासून पात्रावर झाकण आणि ओढणनळीच्या तोंडाला बारीक जाळी कायमची आहे.

उन्हाळ्यातली गाठ

ही सगळ्यात फसवी होती, आणि हिनेच मला या प्रयोगातलं सगळ्यात जास्त शिकवलं.

एप्रिलमध्ये सुरुवात दर वेळी उत्तम व्हायची. पहिली पंधरा मिनिटं नळीतून बारीक चमचमते कण एकसारखे वाहताना दिसायचे. विसाव्या मिनिटाला कण विरळ व्हायचे, बाविसाव्याला बाथमधल्या नळीतलं द्रावण अगदी स्वच्छ दिसायचं, आणि पंचविसाव्याला नळी चोक. गाठ बाथच्या बाहेर, बादलीच्या अलीकडे. आम्हाला वाटलं की बाथ दमतो, त्याचा ट्रान्सड्युसर, म्हणजे तळातला ध्वनी काढणारा भाग, तापून मंद होतो. दोन आठवडे आम्ही त्याच समजुतीत घालवले.

मग आमच्या एका विद्यार्थिनीने नळीवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, नळी इथवर कोमट लागते, अन् कूलरच्या हवेत आली का थंडगार होते." कूलर खिडकीत होता आणि त्याचा झोत नेमका बाथ आणि बादलीच्या मधल्या नळीवर येत होता. बाहेर ४३ अंश, कूलरची हवा २७.

पण मग पहिली पंधरा मिनिटं का बरी जायची? कूलर तर तेव्हाही चालूच असायचा. याचं उत्तर बाथच्या पाण्यात थर्मामीटर ठेवल्यावर मिळालं. ६० वॅटची वीज शेवटी उष्णताच होते. दोन लिटर पाणी एक अंशाने तापायला साधारण ८४०० ज्यूल लागतात. सेकंदाला ६० ज्यूल मिळाले तर १४० सेकंदांत एक अंश. काही उष्णता बाहेर निसटते हे धरूनही आमचा बाथ पंचवीस मिनिटांत सात-आठ अंश चढत होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ३४ अंशांचं. म्हणजे विसाव्या मिनिटाच्या सुमारास बाथ ४० ओलांडायचा, आणि आमचं द्रावण ४० लाच संपृक्त होणारं. त्यापुढे बाथमध्ये ते अतिसंपृक्त नव्हतंच. ध्वनी कितीही द्या, बी धरणार कशावर? द्रावण तसंच स्वच्छ बाहेर पडायचं, कूलरच्या झोतात एकदम १२-१३ अंश थंड व्हायचं आणि जिथे ध्वनी नाही तिथे, नळीच्या भिंतीवर, स्फटिक धरायचे.

पहिल्या पंधरा मिनिटांत द्रावण बाथमधूनच बारीक कण घेऊन निघत असे. त्यातली जास्तीची तुरटी त्या कणांवर बसायची, भिंतीकडे वळायचीच नाही. म्हणून तेव्हा कूलरचा झोत पचून जात होता.

तुमच्याकडे 'आधी चांगलं चालतं, मग बिघडतं' अशी तक्रार असेल तर बाथचं तापमान दर पाच मिनिटांनी लिहा. दुसरं काही करण्याआधी हे करा.

उपाय म्हणून बर्फ टाकू नका. बर्फाचे खडे ध्वनी अडवतात, विरघळताना हवा सोडतात आणि पाण्याची पातळी बदलते. आम्ही तांब्याच्या बारीक नळीचं वेटोळं बाथच्या भिंतीला लागून बसवलं. तळाच्या ट्रान्सड्युसरच्या आणि आपल्या नळीच्या मध्ये येऊ दिलं नाही, नाहीतर ध्वनीची सावली पडते. स्टुलावर माठ ठेवला आणि माठाचं पाणी त्या वेटोळ्यातून उतरत सोडलं. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी २६ अंशांच्या आसपास राहतं. अशा रीतीने बाथ ३० ते ३२ वर टिकतो. तासाला एक माठ लागतो. एप्रिलात इतकं पाणी वाया घालवणं आमच्याकडे कुणालाच रुचणार नाही, म्हणून खालचं पाणी कूलरच्या टाकीत जातं.

पाणी निम्म्यात भागवायचं तर ध्वनी थांबून थांबून द्या. टायमरने दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद. एक गणित मात्र सांभाळा. ४० सेंटिमीटरचा तुकडा ओलांडायला द्रवाला १९-२० सेकंद लागतात. उघडझाप त्याहून लांब ठेवली, समजा मिनिटभर चालू आणि मिनिटभर बंद, तर मधला बराच द्रव ध्वनी न ऐकताच पुढे जाईल, आणि तोच पुढे जाऊन गाठ बांधेल.

कूलरचा झोत अर्थातच वळवला. नळीवर फडकं टाकलं.

ध्वनीच खरोखर कमी पडत असेल तर

तापमान तिन्ही ठिकाणी ठीक आहे, पाणी स्वच्छ आहे, तरी बाथमधून द्रावण कण न धरता निघतं, किंवा आज बारीक आणि उद्या जाड स्फटिक येतात. आता बाथकडे वळा.

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी बाथमध्ये उभी धरा, अर्धा मिनिट बाथ चालवा आणि पट्टी उजेडासमोर धरा. काही जागी चाळणीसारखी भोकं दिसतील, काही जागी फॉइल कोरंच. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणून ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३७ मिलिमीटरच्या आसपास आणि जोराचे पट्टे साधारण १८-१९ मिलिमीटरच्या अंतराने येतात. नळी दोन पट्ट्यांच्या मधल्या शांत जागेत असेल तर तिच्यासाठी बाथ बंद असल्यासारखाच. नळी स्टीलच्या तारेच्या चौकटीला बांधून जोराच्या पट्ट्यात धरा, तळाला टेकू देऊ नका. पाण्याची पातळी बदलली की पट्टेही सरकतात, म्हणून बाथच्या भिंतीवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि पाणी तिथपर्यंतच. फॉइलचे कण पाण्यात उरतात, परीक्षेनंतर पाणी बदला.

ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती ध्वनी मऊ करते. नळी जोडण्याआधी बाथ दहा-पंधरा मिनिटं नुसता चालवा, बारीक बुडबुडे वर येऊन निघून जातील. मग तापमान हवं तिथे आणा आणि सुरू करा.

व्होल्टेज पाहा. आमच्याकडे संध्याकाळी ते १९० च्या खाली येतं आणि त्या वेळची फॉइल जवळजवळ कोरी निघते. स्टॅबिलायझर लावल्यावर सकाळ-संध्याकाळचा फरक गेला.

नळी कशाची आहे तेही पाहा. मऊ सिलिकॉनची नळी ध्वनी पिऊन टाकते. टेफ्लॉन किंवा काच घ्या. आणि नळी फार बारीक घेऊ नका असं वर म्हटलं, त्याचं कारण हे: ४० किलोहर्ट्झला साद देणाऱ्या फुग्याची त्रिज्या मिलिमीटरच्या बाराव्या भागाइतकी, ०.०८ मिलिमीटर असते. मिलिमीटरभर नळीत त्याला फुलायला-फुटायला जागा आहे. त्याच्याएवढ्याच बारीक वाटेत त्याची घुसमट होते. शिवाय कण नळीच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून मोठे झाले की ते एकमेकांना अडून कमान धरू लागतात, आणि बारीक नळीत ती वेळ लवकर येते.

कण एकसारखे हवे असतील तर

इथवर आलात तर नळी चोक होणार नाही, पण स्फटिक लहानमोठे येतील. पाटाचं पाणी मध्ये वेगाने आणि काठाला हळू वाहतं, काठालाच गाळ बसतो. इतक्या बारीक नळीत पाणी थरांनीच वाहतं, प्रवाह थरांचा की खळबळीचा हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक आमच्याकडे जेमतेम २० च्या घरात येतो. मधला द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने निघून जातो, भिंतीजवळचा रेंगाळतो. मधला कण लहान राहतो, काठचा मोठा होतो, आणि कधी भिंतीलाच चिकटतो.

यावर आम्हाला सगळ्यात भावलेला उपाय म्हणजे हवेचे तुकडे. बाथच्या आधी टी-जोड लावून दुसऱ्या छोट्या पंपाने हवा सोडली की नळीत द्रावणाचा तुकडा, हवेचा तुकडा अशी आगगाडी तयार होते. प्रत्येक डबा आपल्या आतल्या आत घोळत पुढे जातो, सगळे डबे एकाच वेगाने जातात, आणि हवेच्या काठाशी ध्वनीचा परिणामही जास्त दिसतो. तुकडे नळीच्या व्यासाच्या तीन-चार पट लांब ठेवा. हवेमुळे नळीतला वेग वाढतो, म्हणून बाथमधला वेळ पुन्हा मोजा आणि टायमरची उघडझाप त्याप्रमाणे आखडती घ्या. टी-जोडही त्या बल्बच्या डब्यातच बसवा, नाहीतर थंड हवेने तिथेच गाठ बसेल. आम्ही पहिल्या दिवशी हीच चूक केली.

बाथमधला तुकडा ४० सेंटिमीटरहून वाढवू नका. बी धरल्यावरही ध्वनी देत राहिलं तर वाढणारे स्फटिक फुटतात आणि सगळं पीठ होतं. ध्वनी पेरणीपुरता. वाढ पुढच्या बादलीत, शांतपणे, बाथपेक्षा तीन-चार अंश थंड पाण्यात.

लाईट गेली तर

आमच्याकडे ती जातेच. पंप, ध्वनी आणि ऊब तिन्ही एकदम थांबतात आणि पाच मिनिटांत नळीभर तुरटी गोठते. यासाठी ६५ अंशांच्या स्वच्छ पाण्याचा थर्मास आणि मोठी सिरिंज मेजावर भरून ठेवलेली असते. लाईट गेल्याबरोबर नळी पात्रापासून सोडवायची, पंपाच्या पुढच्या जोडाला सिरिंज लावायची आणि हलक्या हाताने गरम पाणी पुढे सारायचं. जोर लागत असेल तर थांबायचं, बादलीतली गुंडाळी आधी गरम पाण्यात बुडवायची आणि मग पुन्हा. हे काम दोघांनी करायचं, आणि कुणाच्या हाती काय हे प्रयोग सुरू करण्याआधीच ठरवायचं.

रोजचं काम संपवतानाही हाच क्रम. आधी द्रावण काढून गरम पाणी लावायचं, दहा मिनिटं ते पूर्ण नळीतून जाऊ द्यायचं, तोवर बाथ चालूच ठेवायचा. मग बाथ बंद, बल्ब बंद, आणि शेवटी नळीत हवा भरून दोन्ही तोंडं झाकायची. ओली नळी तशीच सुकली तर भिंतीवर उरलेल्या चिमूटभर तुरटीवर दुसऱ्या सकाळी पहिला स्फटिक धरतो.